आधीचं बरं, की आताचं?

सोमवार, २

ही वही खरं तर दुकानाची, ऑर्डर लिहायची. पानावर दोन रकाने छापलेत, उजवा डोळा आणि डावा डोळा, आणि खाली एक ओळ, 'शेरा'. छपाई तिरकी आली म्हणून काकांनी गठ्ठाच बाजूला टाकला होता, त्यातली एक मी आणली. काका म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. ताई नेहमी म्हणते, "डोकं फिरलं की तोंड उघडायच्या आधी कुठंतरी लिहीत जा, म्हणजे निदान माणसं तरी वाचतील."

आज डोकं फिरलेलं नाही. आज डोकं जागेवरच नाही.

काल ती माझी झाली. खोडतो. ती कुणाची होणाऱ्यातली नाही. पण काल जे झालं ते झालं, आणि तेवीस वर्षांत मला स्वतःबद्दल एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, याचं आता काही खरं नाही. त्यांना काल रस्त्यात गाठून माझा चेहरा दाखवायला हवा होता.

नीट लिहितो. दुकानात पुढच्या खोलीत मॅडम, म्हणजे तीच, डोळे तपासतात. मागच्या खोलीत मी काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून फॉर्म ठेवलेला ट्रे इकडून तिकडं जातो. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. मग ती तिकडून खुर्ची ओढायची आणि मी इकडून स्टूल. पाच महिने आम्ही त्या खिडकीत बोलतोय. काय बोललो ते विचारलं तर एक गोष्ट धड सांगता येणार नाही. मुंग्या झोपतात का, काका टक्कल पडायच्या आधी भांग कुठल्या बाजूला पाडत असतील, असलं काहीतरी.

काल रविवार. तिच्या खोलीतली मैत्रीण गावाला गेलेली. मी खिडकीची कडी बसवायला गेलो होतो. कडी काही बसली नाही.

तिचा चष्मा मीच काढला आणि हाताला येईल तसा खिडकीत ठेवला. चष्म्याशिवाय ती वेगळीच दिसते. ओळखीचीच, पण नवी. नंतर तिनं चहा केला. मी सातव्या आसमानात होतो, म्हणून तिच्याच आवाजात गंमत केली, "बोला, आधीचं बरं, की आताचं?"

हे तिचं दुकानातलं वाक्य. एक काच लावते, मग फिरवते आणि विचारते, "आधीचं बरं, की आताचं?" दिवसातून शंभर वेळा ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. शेवटी माणूस वैतागून म्हणतो, "अहो बाई, दोन्ही सारखंच दिसतंय," आणि ती नंबर लिहून घेते. मला वाटायचं, वैतागला म्हणून सोडते. तर म्हणाली, "नाही हो कारागीर, दोन्ही सारखं वाटायला लागलं की तिथंच थांबायचं. तोच खरा नंबर." मला ती कारागीरच म्हणते.

तर काल मी विचारलं. ती कपात बघत बसली, खरंच विचार केला, आणि म्हणाली, "आधीचं."

मला हसूच आलं. तीन जिने हसत उतरलो.

मंगळवार, ३

आधीचं म्हणजे कुणाचं?

काल हसलो. आज सकाळी मशीनवर काच घासताना एकदम डोक्यात वीज पडली. आधीचं म्हणजे आधीच्याचं? माझ्या आधी कुणी होता? आणि तो बरा होता?

विचारणार नाही. विचारायला मी काय भिकारी आहे?

शुक्रवार, ६

मुद्दाम विचारलं नाही. पण दुसरंही काही सुचत नाही. दुपारी खिडकीत बसलो आणि आम्ही दोघं ट्रेकडं बघत राहिलो. मी म्हटलं, "रविवारी येऊ?" ती म्हणाली, "दुसरं काही बोल ना." मी म्हटलं, "दुसरं काय?" ती म्हणाली, "तेच तर." मग पाच मिनिटांनी मी म्हटलं, "मग रविवारी?" तिनं खुर्ची उचलली आणि आत गेली.

सकाळी आणखी एक झालं. फॉर्मवरचा आकडा लागत नव्हता म्हणून मी खिडकीतून ओरडलो, "ए, हा तुझा एक आहे की सात?" समोर गिऱ्हाईक होतं, आजीबाई. त्यांनी मान वळवून मला आणि मग तिला असं पाहिलं की चष्म्याची काय गरज. ती म्हणाली, "सात आहे. तुम्ही नीट वाचत जा."

तुम्ही! पाच महिने मी तिला मॅडम आणि तुम्ही म्हणत होतो तेव्हा गोड लागायचं. आज थोबाडीत बसली.

मन थाऱ्यावर नाही. एका पोस्टमास्तरांचा चष्मा करून दिला. रिटायर्ड माणूस, फार बोलतो. कसाबसा दिला आणि मोकळा झालो.

रविवार, ८

तिच्या इमारतीखाली गेलो. ती खालीच उभी होती, पायात चपला. म्हणाली, "चल, फिरून येऊ. मला तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, "वरच सांग." ती म्हणाली, "वर नको, चालता चालता." मी म्हटलं, "चालण्यात काय आहे? रोज चालतोच की." ती म्हणाली, "काहीच नाही, म्हणूनच म्हणतेय."

याचा अर्थ काय लावायचा माणसानं? वर नको म्हणजे मी नको. सरळ होतं. मग मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "मग त्या आधीच्यालाच ने फिरायला." ती बघतच राहिली. "कुठला आधीचा?" "तूच म्हणालीस, आधीचं बरं." तिचं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग ती हसायला लागली. हसायला! मी तिथून निघालो. ती मागून काहीतरी म्हणाली, पण मी वळलो नाही. वळलो असतो तर माझं काय राहिलं असतं?

घरी आल्यावर ताईनं तोंड बघून विचारलं, "कुणाशी?" मी म्हटलं, "कुणाशी नाही." ती म्हणाली, "बरं. जेवून घे. 'कुणाशी नाही' म्हणतोस तिच्यावर रागावून उपाशी राहू नये."

मंगळवार, १०

सगळं संपलं. क्रमानं लिहितो.

अकरा वाजता पोस्टमास्तर आले. चष्मा हातात, कोपर सोललेलं. "अहो, पायरी जिथं दिसते तिथं नसते हो!" मॅडमनी चष्मा यंत्रावर धरला. उजवी काच डावीकडं आणि डावी उजवीकडं. माझं काम. नवशिका पण करणार नाही अशी चूक. मी पडद्यामागं उभा. ती शांतपणे म्हणाली, "काचांची अदलाबदल झालीय. आमचीच चूक. अर्ध्या तासात देतो, तोवर बसा, तुमच्या कोपराला औषध लावू." आमची म्हणाली. माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तेवढ्यात फ्रेमवाला आला. दर मंगळवारी बॅग घेऊन येतो. काच पण तोच मागवून देतो. दारातच म्हणाला, "काय मॅडम, हल्ली पूर्वीसारखं हसत नाही तुम्ही आमच्याशी?"

पूर्वीसारखं! आधीचं! बाहेर आलो आणि कॉलर धरली. त्याची बॅग उघडी होती, ती पडली. दीडशे फ्रेमा दुकानभर. पोस्टमास्तरांनी पाय वर घेतले. मी काय काय म्हणालो ते मला आठवत नाही. फ्रेमवाला एवढंच म्हणत होता, "अरे, पण काय झालं? अरे, पण काय झालं?"

काकांनी माझा हात सोडवला. मला ते काडेपेटी म्हणतात. चष्म्याच्या काड्या बसवतो म्हणून, आणि दुसऱ्या कारणानंही. म्हणाले, "काडेपेटी, घरी जा. सोमवारपर्यंत तोंड दाखवू नकोस. मॅडम महिनाअखेर दवाखान्याच्या नोकरीवर चालल्या, तू असा. मी एकटाच बसतो इथं अक्षरांचा तक्ता वाचत."

मी तिच्याकडं पाहिलं. ती गुडघ्यांवर बसून फ्रेमा गोळा करत होती. मान वर केली नाही.

म्हणजे ती चाललीय. सगळ्या जगाला माहीत, मला नाही.

शुक्रवार, १३

तीन दिवस घरी. ताईनं तांदूळ निवडायला बसवलं. "रागात माणूस खडे बरोबर शोधतो," म्हणाली. भावजी कामावर गेले होते.

तिला काय माहीत आणि काय नाही ते कळत नाही. मी काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "भावजींनी तुला आधी कुणी होतं का विचारलं होतं?"

ती म्हणाली, "आम्हाला विचारायला वेळ कुठं होता? दोनदा चहा प्यायलो आणि लग्न झालं. एका खोलीत राहायला लागलो तेव्हा मला त्यांचा वाढदिवस पण माहीत नव्हता. पहिले सहा महिने आम्ही फक्त 'भाजी काय करू' आणि 'दिवा बंद करू का' एवढंच बोललो. सगळं होत होतं, बोलणं सोडून."

मला कसंतरीच झालं. बहिणीनं असं बोलावं? म्हटलं, "मग?"

"मग त्यांना कावीळ झाली. पंधरा दिवस पडून. करायला दुसरं काही नाही, म्हणून बोललो. तेव्हा कळलं की हे बरे आहेत." मग म्हणाली, "लग्न होतं म्हणून थांबलो, नाहीतर सहा महिने कोण थांबतं? ज्यांचं झालेलं नसतं ना, त्यांना कावीळ व्हायची वाट बघता येत नाही. हा खडा राहिला बघ."

ताईचं कुठलंही बोलणं शेवटी आजारपणावर जातं.

सोमवार, १६

आज लिहायचंय, पण रागानं नाही.

सकाळी दुकानात गेलो. काकांनी खरी काडेपेटी दाखवून खिशात ठेवली. ट्रेमध्ये पहिलाच चष्मा तिचा. तीच काळी फ्रेम. सोबत फॉर्म, तिच्याच अक्षरात. काचा बदलणे. उजवा वजा साडेसहा, डावा वजा सात. खाली शेरा: 'घाईत उलटा ठेवला गेला.'

उजेडात धरला. दोन्ही काचांवर मधोमध चरे. खिडकीच्या खरबरीत सिमेंटचे.

या दुकानात काकांनी मला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट कुठली शिकवली? चष्मा ठेवताना काचा वर. "काच टेकवलीस तर हात तोडीन," असं म्हणाले होते. दीड वर्षात शेकडो चष्मे हातातून गेले, एकही टेकवला नाही. आणि तिचा? हाताला येईल तसा. मीच लिहून ठेवलंय या वहीत, आणि वर अभिमानानं.

ती पंधरा दिवस त्या चऱ्यांमधून लोकांचे डोळे तपासत होती.

आणि साडेसहा! पाच महिने मी तिच्यासमोर बसलो, काचांचं काम करतो, आणि तिचा नंबर मला माहीत नाही. काच जाड आहे हे आंधळ्याला दिसलं असतं. मी डोळे बघत होतो, काच नाही.

मग एक केलं. तपासणीच्या पेटीतून अधिक साडेसहाच्या दोन काचा काढल्या. चांगल्या डोळ्यांना त्या लावल्या की वजा साडेसहावाल्याला चष्म्याशिवाय कसं दिसतं ते कळतं, हे तिनंच सांगितलं होतं. डोळ्यांपुढं धरल्या.

भिंतीवरचं घड्याळ गेलं. मशीन गेलं. काका आत आले तर एक गुलाबी ढग आला आणि म्हणाला, "आता काय नवीन?" मी स्वतःचा हात लांब केला. बोटं गेली. वीतभर अंतरापलीकडं जगात कुणीच नव्हतं.

त्या रविवारी ती माझ्याकडं बघत होती आणि मला वाटलं, किती खोल बघतेय. तिला मी दिसतच नव्हतो. मी चष्मा काढला, विचारलं पण नाही.

आधीचं. आधी मी तिला दिसायचो.

बुधवार, १८

तिच्या नंबरच्या काचा दुकानात नाहीत. मागवाव्या लागतात. कुणाकडून? फ्रेमवाल्याकडून.

दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवला. कॉलेजात सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, एक ओळ माफीची लिही, विषय संपव. मी कॉलेज संपवलं. तेव्हा वाटलं होतं, काय बाणेदार पोरगा आहे मी.

आज फोन लावला. म्हटलं, "मी, दुकानातला. माझं चुकलं." पुढं काही आलंच नाही. तो म्हणाला, "कोण? कॉलर?" मी म्हटलं, "हो." म्हणाला, "भाऊ, आमच्या घरी दोन जुळी आहेत चार वर्षांची. रोज दोघं मिळून लोंबकळतात. तुझी पकड त्या मानानं मऊ होती. पण झालं काय होतं?" मी विचारलं, "तुम्ही पूर्वीसारखं का म्हणालात?" तो म्हणाला, "अरे, पूर्वी मॅडम प्रत्येक फ्रेमला नाव ठेवायच्या. ही मुख्याध्यापकाची, ही दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्याची. हसून हसून पुरेवाट. पंधरा दिवस झाले, काही नाही. मला वाटलं, तब्येत बरी नसेल."

दहा मिनिटं लागली. कॉलेजात ही दहा मिनिटं दिली नाहीत, तर अडीच वर्षं पाण्यात गेली.

शुक्रवार, २०

काचा आल्या. घासल्या, बसवल्या, तीनदा तपासल्या, उजवी उजवीकडं आणि डावी डावीकडं. दोन वाजता ती जुन्या नंबरचा चष्मा लावून खिडकीत आली. मी खाली फडकं पसरलं, काचा वर करून चष्मा त्यावर ठेवला आणि ट्रे पुढं सरकवला. "मॅडम, घालून बघा."

तिनं घातला. बराच वेळ बघितलं. "दाढी वाढलीय तुझी."

मी म्हटलं, "मी अधिक साडेसहा लावून बघितलं."

"काका म्हणाले. त्यांना वाटलं तू खुळावलास."

"तुला मी दिसत नव्हतो."

"नव्हतास." ती म्हणाली. "ते एक. आणि मी चष्मा मागितला असता तर दिला असतास, ते पण खरं. मला मागावंसं वाटलं नाही. मलाही हवं होतंच की. सगळं काय तूच केलंस असं समजू नकोस. मोठा आला!"

मी म्हटलं, "मग आधीचं बरं का म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून! लोक मला दिवसभर खरं सांगतात, मी एकदा सांगितलं." मग हळू म्हणाली, "त्या रविवारी मी तुला दवाखान्याच्या नोकरीचं सांगणार होते. आठवडाभर मनात जुळवत होते, कसं सांगू, तू चिडशील का, मग तू म्हणशील की मी येईन दर रविवारी. चहा कर, मग सांग, असं ठरलं होतं. आणि कडी बसवता बसवता ते राहूनच गेलं. नंतर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, झालं हिचं काम, आता चालली. आणि तू रोज एकच विचारायला लागलास. मला वाटलं, आता याच्याकडं माझ्याशी बोलायला दुसरं काही उरलंच नाही. मुंग्या पण गेल्या."

म्हणजे ती माझ्यामुळं पळत नव्हती. आणि आधीचा कुणी नव्हता. हे मी बोलून गेलो बहुतेक, कारण ती म्हणाली, "होता."

"कोण?"

"दुपारी दोन ते चार स्टुलावर बसायचा."

मी तोंड फिरवून मशीन पुसायला लागलो. स्वच्छच होतं.

"चिडलास?"

"नाही. दवाखाना किती लांब आहे?"

"बसनं दोन तास."

"मुंग्या झोपतात," मी म्हटलं. "मी वाचलं. थोडं थोडं, दिवसातून शेकडो वेळा."

"खोटं."

"शप्पथ."

तिनं खुर्ची ओढली.

रविवार, २२

फिरलो. तीन तास. वर गेलो नाही. ती म्हणाली, "कायमचं नको असं नाही. आत्ता नको." मी म्हटलं, "बरं." आणि मला खरंच बरं वाटलं, हे मला स्वतःलाच विचित्र वाटतंय. छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं. तिला पोहता येतं, हे आज कळलं. तिला वडील नाहीत, हेही. पाच महिन्यांत विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "कावीळ झाली वाटतं." मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही, भूक चांगली लागलीय."

सोमवार, ३०

तिचा दुकानातला शेवटचा दिवस. काकांनी सगळ्यांना कॉफी पाजली आणि डोळे आल्याचं नाटक केलं. पोस्टमास्तर मुद्दाम येऊन पायऱ्या चढून उतरून दाखवून गेले.

चार वाजता ती म्हणाली, "कारागीर, खुर्चीत बसा. जायच्या आधी तुमचे डोळे बघायचेत."

मी म्हटलं, "माझे डोळे एकदम शाबूत आहेत."

"ते बघितलंय आम्ही."

त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसलो. तिनं माझ्या नाकावर तपासणीची लोखंडी फ्रेम चढवली. कानामागं तिची बोटं लागली. एक काच घातली. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मला नेहमी थोडी पुसट दिसायची. मला वाटायचं, ती ओळच तशी छापलीय.

"आधीचं बरं, की आताचं?"

"आताचं."

तिनं काच फिरवली. "आता?"

"हे बरं. नाही, थांब, थांबा, आधीचं."

"घाई नको. परत दाखवते. हे... की हे?"

मी खरंच बघितलं. एकदा ते, एकदा हे. अक्षरं तीच. तिचा हात तसाच हवेत.

"दोन्ही सारखंच."

"खरंच, की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच."

तिनं फॉर्म ओढला आणि लिहिलं. डाव्या डोळ्याला अर्ध्याचा नंबर निघाला. मग मान खाली घालून आणखी काहीतरी लिहिलं, घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. दोन तासांच्या बसची वेळ झाली होती. सोडायला गेलो. खिडकीशी बसली आणि बस हलेपर्यंत माझ्याकडं बघत होती, चष्मा लावून.

फॉर्म आत्ता उघडला. या वहीत चिकटवतो.

शेरा: 'रोज घालणे. काढल्यावर काचा वर करून ठेवणे.'